दोरीचं माप

तार पिळायला हात स्थिर लागतो आणि डोकं त्याहून स्थिर लागतं. प्रज्ञाकडे दोन्ही होतं, म्हणून तर जीवरामनानांनी ते काम तिच्या गळ्यात मारलं. तिनेही ते हौसेने मारून घेतलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात तिची चूक शोधायचीच म्हटली तर एवढीच सापडते.

नानांचं गॅरेज पिंप्राळ्यात. माणूस मूळचा धुळ्याकडच्या खेड्यातला, जळगावात उभं आयुष्य काढलं तरी तोंडातली अहिराणी काही गेली नाही. प्रज्ञाचे वडील आधार वारले तेव्हा ती शाळेत होती. आई नर्मदाबाई घरी शिवणकाम करायची, आणि शाळा सुटली की पोर समोरच्या गॅरेजात जाऊन बसायची. आधी नुसती बघायची, मग पक्कडी पुसून द्यायची, मग एक दिवस तिने कार्बोरेटर खोलून परत जसाच्या तसा बसवला. गल्लीला विषय मिळाला. हे काय पोरीचं काम आहे का, असं एकजण म्हणाला, आणि दुसऱ्याने आडून आडून बौद्धवाड्याचंही काढलं. नानांनी हातातलं काम थांबवलं नाही. "मनी आंडेर शे ती," ते म्हणाले, "कोनले काय करनं शे?" माझी मुलगी आहे, कोणाला काय करायचंय. विषय तिथेच मिटला. प्रज्ञा आता सव्वीस वर्षांची घोडी झाली होती, पण ते वाक्य तिने मनात जपून ठेवलं होतं.

आता ही धुळ्याची भानगड काय ते सांगतो. धुळ्याबाहेरच्या एका धावपट्टीवर वर्षातून एकदा मोटरसायकली पळवतात. शर्यत म्हणावी तर शेजारी कोणी नसतं. एकटी गाडी, एकटा माणूस, समोर सरळ डांबर, आणि शेवटी यंत्र सांगतं की बाबा, तुझा वेग एवढा. इंजिनाच्या आकारावर गट पाडलेले, आणि ज्या त्या गटात सगळ्यात जोरात जो जाईल त्याचं नाव फळ्यावर लागतं आणि पुढचा कोणी मोडेपर्यंत तिथेच राहतं. पण पळायच्या आधी तपासणी, आणि तिथले तपासनीस सख्ख्या बापाला सोडणार नाहीत असे. आरसे नकोत, स्टॅण्ड नको, काच नको. तेलाचा बोल्ट, चाकांचे नट, ब्रेकचे बोल्ट, जे सुटलं तर माणूस मरेल ते सगळं तारेने बांधलेलं हवं. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडायचं, त्यातून स्टीलची तार ओवायची, पीळ द्यायचा आणि दुसरं टोक अशा अंगाला बांधायचं, की बोल्ट सैल व्हायला निघाला तर तारेनेच त्याला घट्टीकडे ओढून धरावं. पीळ कमी पडला तर तार ढिली राहते, जास्त झाला तर तुटते. आणि शेवटी दोरी. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं हँडलवरच्या स्विचला. माणूस गाडीवरून उडाला की दोरी स्विच उपटते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. ही दोरी ज्याच्या त्याच्या मापाची असते. दुसऱ्याची चालत नाही.

कल्पना नानांचीच. गॅरेजच्या कोपऱ्यात एक जुनी दीडशे सीसीची गाडी धूळ खात पडली होती. "हाई आपन पळाडूत," नाना म्हणाले, "आनि तू चालाव. पाखरासारखी शे तू, गाडीले कळनार बी नही." मग काय, पोरीला दुसरं काही सुचेनासं झालं. गिऱ्हाइकांच्या गाड्या उरकल्या की ती त्या गाडीपुढे मांडी घालून बसायची. ड्रिलची पाती मोडली, बोटांना तारा टोचल्या, पण बोल्टामागून बोल्ट बांधला गेला. पहूरच्या रस्त्यावर पहाटे चाचणी व्हायची. मागचा शॉकअप कडक होता, गाडी उडायची, म्हणून तिने तिच्या वजनाला बेताची अशी मऊ स्प्रिंग शोधून बसवली. मागचं कव्हर टायरच्या बोटभर वर राहील असं खाली घेतलं, म्हणजे वारा अडायला नको. हे सगळं डोकं तिचं. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हात कापायचा, बारीक तार त्यांना दिसायचीच नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. तर ऐका. गॅरेजात शिरणारा प्रत्येक माणूस, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या तिच्या हातांकडे बघून, विचारायचा, "नाना कुठायत?" वर्षानुवर्षं. ती सांगायची, मी करून देते, तर तो म्हणायचा, थांबतो मी. तिला त्या धुळ्याच्या फळ्यावर एकदा 'प्रज्ञा आधार सोनवणे' लिहिलेलं पाहायचं होतं. बस, एवढंच. त्याच्यापुढे तिला काही नको होतं.

अशात नवल आला. नवल हा नानांचा एकुलता एक. पुण्यात तीन धंदे करून तिन्ही बुडवून परत आलेला, अंगाने उंच आणि आडवा, स्वभावाने गोड. दिवसभर गॅरेजातल्या स्टुलावर मोबाइल घेऊन बसायचा आणि प्रज्ञाला विचारायचा, गियर कधी टाकतेस, झोपतेस कशी टाकीवर, सुटताना क्लच किती सोडतेस. प्रज्ञाला बरं वाटायचं. चला, कोणी तरी विचारतंय. ती त्याला रिकाम्या गाडीवर बसवून दाखवायची, हनुवटी टाकीला लाव, कोपरं आत घे, श्वास सोडून धर. तिने हाताने शिकवलं हो त्याला. याचाच मला राग येतो.

एक दिवस नाना म्हणाले, फूटरेस्ट दोन भोकं मागे घे, वाऱ्याला बरं पडेल. तिने घेतले. मग म्हणाले, हँडल थोडं पुढे कर. तिने केलं. उस्तादाने सांगितल्यावर कोण कशाला विचारतं?

चामड्याचा सूट हवा होता, त्याशिवाय तपासणीला उभंच करत नाहीत. "नवा शिवाले महिना लागस," नाना म्हणाले, "माप पाठाडा, वाट देखा. तुले जुनाच देखू." मुंबईहून कोणाचा तरी वापरलेला सूट आला, प्रज्ञा त्यात दोनदा मावली असती. नर्मदाबाईने तो उसवला आणि चांभाराकडून आरी आणून हाताने आवळला. चामडं ते, मशीनच्या सुया पटापट मोडायच्या. बाईची बोटं सुजली, पण सूट पोरीच्या अंगाला असा बसला की नाना बघतच राहिले. मग का कोण जाणे, आत निघून गेले.

धुळ्याला निघायच्या आदल्या दिवशी नर्मदाबाई डबा घेऊन गॅरेजात आली. प्रज्ञा सूट घालून गाडीवर टाकीला चिकटून झोपली होती. बाईने आयुष्यभर लोकांची मापं घेतलेली. डबा हातात तसाच धरून ती बघत राहिली.

"हात पुरत नाही गं तुझा," ती म्हणाली.

"पुरतो आई. असंच ताणून धरायचं असतं."

"ताणून धरणं वेगळं. ही तुझ्या मापाची नाही."

"ब्लाउज आहे का तो?" प्रज्ञा हसली. "तुला मशीनमधलं काय कळतं?"

नर्मदाबाईने डबा बाकावर ठेवला. प्रज्ञाने दोरी मनगटाला लावून, बसून, उठून, तिची गाठ पक्की केली आणि गाडी नानांच्या हवाली केली. नाना आणि नवल गाडी टेम्पोत घालून संध्याकाळीच निघाले, नानांच्या गावी मुक्काम करून सकाळी धावपट्टीवर पोचणार होते. टेम्पोत तिसऱ्याला जागा नव्हती. प्रज्ञा सकाळच्या पहिल्या एसटीने गेली, मांडीवर सुटाची पिशवी आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी-भाकर.

धावपट्टीवर मांडव घातला होता. गाड्या ओळीने उभ्या. प्रज्ञा आडोशाला सूट चढवून आली. नाना तिला बघून दचकले, निदान तिला तसं वाटलं. "लवकर उनी व माय," ते म्हणाले. आलीस लवकर. मग लगेच, "जाय, त्या गेटजवळ चहा भेटस, लई ना." नवल कुठे दिसत नव्हता. सूट घालून चहा आणायला जायचं तिच्या जिवावर आलं, पण उस्तादाची आज्ञा. ती चहा घेऊन निम्म्या वाटेवर आली तोच त्यांच्या गाडीचा नंबर पुकारला गेला. ओळ भराभर सरकली होती. चहाचे कप तिथेच एका पिंपावर ठेवून ती धावत सुटली.

तपासनीस पुण्याचे, पांढऱ्या मिशांचे, शांत माणूस. त्यांनी तारा बॅटरीच्या उजेडात एकेक बघितल्या. एका पिळावरून अंगठा फिरवला.

"रायडर कोण?"

"मी," प्रज्ञा म्हणाली. नाना काही म्हणाले नाहीत.

"बसा. दोरी लावा. आता उभ्या राहा."

ती फूटरेस्टवर उभी राहिली. आता दोरी ताणायला हवी होती आणि स्विच उपटायला हवा होता. दोरी सैल लोंबत राहिली. ती आणखी वर झाली, हात उचलला, तरी टाकीच्या बाजूला दोरीचा झोल पडलेलाच. तपासनिसांनी मान हलवली.

"चांगली वीतभर लांब आहे. तुम्ही पडलात तर गाडी तशीच पळत राहील. ही दोरी तुमची नाही."

"माझीच आहे साहेब, मी काल..." असं म्हणत तिने खाली बघितलं, आणि गाठ तिची नव्हती. दोरीच नवी होती. तिने मान वळवून नानांकडे पाहिलं. नाना पुढच्या चाकाकडे बघत होते. नुसतं चाकाकडे, जसं काही तिथे काही अडकलंय.

तेवढ्यात टेम्पोच्या मागून नवल आला, मोबाइल खिशात टाकत, घाईघाईने. त्याच्या अंगात चामड्याचा सूट होता. नवा कोरा. खांद्याला बसलेला, पोटाला बसलेला, कुठे एक सुरकुती नाही.

नवा शिवाले महिना लागस.

प्रज्ञाला तेव्हा कळलं. आज ठरलेलं नव्हतं हे. काल नव्हतं. महिन्याभरापूर्वी या माणसाने पोराला शिंप्यापुढे उभं करून माप दिलं होतं, आणि त्यानंतर रोज सकाळी तिला विचारलं होतं, "बठ्ठं ठीक शे ना, पोरी?" सगळं ठीक आहे ना. फूटरेस्ट मागे घेतले ते वाऱ्यासाठी नाही, नवलच्या तंगड्यांसाठी. हँडल पुढे गेलं ते नवलच्या हातांसाठी. आणि तिने, तिने स्वतः पाना फिरवून ते केलं होतं. आईला एका नजरेत कळलं आणि ती आईला हसली होती.

"नाना," ती म्हणाली.

"साहेब, चालवनारा हाऊ शे. मना पोऱ्या," नाना तपासनिसांना म्हणाले. मग तिला बाजूला घेऊन, हळू आवाजात, "सांगनारच व्हतू तुले. त्यानं काहीच जमी नही राह्यनं व माय. बठ्ठा हसतस त्याले. येकदाव नाव व्हयनं म्हंजे मार्गी लागी. तुनं काय, तू हुशार शे, तुले पुढला साल शेच."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

उत्तर तिला ठाऊकच होतं. आधी सांगितलं असतं तर तारा कोणी पिळल्या असत्या? केसाने गळा कापणं म्हणतात ना, इथे तारेने कापला होता, आणि तारही तिच्याच हातची.

ती गाडीवरून उतरली. नवल तिच्या डोळ्यांत न बघता बसला. दोरी लावली, उभा राहिला, स्विच टक्कन निघाला. एकदम मापात.

"ठीक," तपासनीस म्हणाले. "काम फार सुंदर आहे. या तारा कोणी केल्या?"

प्रज्ञाने मान वर केली. झालं गेलं एका बाजूला, पण एवढं तरी.

"घरचंच काम शे साहेब," नाना म्हणाले.

तिला रडू आलं नाही. मनी आंडेर शे ती, हे ज्या तोंडाने म्हटलं होतं त्याच तोंडाने. आणि 'घरचं' म्हणताना नानांचा हात नवलच्या खांद्यावर होता.

तपासनिसांनी खिशातून पास झाल्याची चिकटपट्टी काढली. आणि प्रज्ञाचं लक्ष मागच्या चाकाकडे गेलं. नवल पाऊणशे किलोच्या पुढचा. स्प्रिंग तिच्या वजनाची. नानांनी पोराचे हात मोजले, पाय मोजले, वजन विसरले. कव्हरखालच्या बोल्टाचं टोक आणि टायर यांच्यात बोटभर जागा होती ती तो बसल्यावर केसाएवढी उरली होती, आणि त्या वेगात एक उंचवटा आला की ते टोक टायर फाडणार. हे दिसत होतं फक्त तिला. गप्प राहायचं. तिने खरंच ठरवलं गप्प राहायचं, हे मी लपवत नाही. तिचं कोण होतं ते? पण मग तिला नवल टाकीवर हनुवटी टेकवून झोपलेला दिसला, तिने शिकवलं होतं अगदी तसा, आणि तिला ते सोसवेना.

"साहेब, त्याला बसून दोनदा जोर मारायला सांगा."

नवलने जोर मारला. खर्रकन आवाज आला. तपासनीस खाली वाकले, टायरवरून बोट फिरवलं, आणि चिकटपट्टी परत खिशात ठेवली. "स्प्रिंग बदला, कव्हर वर घ्या. जेवणाच्या सुट्टीनंतर परत दाखवा. आज हुकलं तर पुढच्या वर्षी."

गाडी ढकलत बाजूच्या लिंबाखाली आणली. मग नाना बोलले.

"चार लोकांसमोर पाडं मले. गद्दार निघनी तू."

काय म्हणावं या माणसाला. प्रज्ञाला वाटलं, आपण हे ऐकलंच नाही. गद्दार. ती. ती नुसती उभी राहिली आणि नानांनी तिच्या उभं राहण्याचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावला, कारण लगेच त्यांचा आवाज उतरला, तोच रोजचा, गॅरेजातला. "चाल, बैठ आते. जुनी स्प्रिंग टेम्पोमा शे. मांगल्या तारा सोड, स्प्रिंग बदल, परत पिळी टाक. तुले कितला टाइम लागस?"

आणि खोटं कशाला सांगू, ती बसली. इतक्या वर्षांची सवय. उस्ताद बैठ म्हणाला की गुडघे आपोआप वाकायचे. हातात पक्कड आली. तिने मागच्या चाकाच्या नटाची तार कापली. शॉकअपच्या बोल्टाची कापली. नाना समाधानाने विडी शोधू लागले.

मग ती सरकत पुढे आली आणि तिने ब्रेकच्या बोल्टाची तार कापली.

"ती नको," नाना म्हणाले. "ती ऱ्हाऊ दे."

तिने पुढच्या चाकाची कापली. तेलाच्या बोल्टाची कापली. टोपणाची, चेनच्या चक्राची, एकेक करून, सावकाश, धागा उसवावा तशी. आई असंच उसवायची, कापडाला धक्का न लावता. एकही बोल्ट तिने सैल केला नाही. फक्त तारा काढल्या, आपल्या स्वतःच्या, आणि मुठीत गोळा केल्या. नवल म्हणाला, प्रज्ञा, अगं काय करतेस, अगं ऐक. नानांनी तिचा हात धरायला हात पुढे केला, तो हात नेहमीसारखा कापत होता, आणि तो मधेच थांबला.

ती उठली. तारेचं नवं बंडल आणि पक्कड तिने नानांच्या त्या कापऱ्या हातात ठेवली.

"घरचंच काम आहे ना, नाना," ती म्हणाली. "घरच्यांनी करा."

नाना बंडलाकडे बघत राहिले. मग नवलकडे. नवलला तार ओवायचं भोकसुद्धा कुठलं ते ठाऊक नव्हतं. "पोरी," नाना म्हणाले, एकदाच, आणि त्या हाकेला तिचा पाय अडखळला हे खरं. पण थांबला नाही.

गेटाकडे जाताना वाटेत पिंपावर चहाचे कप तसेच होते, निवून साय धरलेले. हमरस्त्यावर येऊन तिने जळगावची एसटी धरली. अंगात सूट तसाच. कंडक्टरने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता तिकीट दिलं. खिडकीपाशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं की तारांची मूठ अजून सोडलेली नाही, आणि तळहातातून बारीक रक्त येतंय.

पारोळ्याच्या पुढे आईचा फोन आला. "झालं का गं? पळाली का गाडी?"

"आई," ती म्हणाली, आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

"अगं बोल की. लागलं का कुठे?"

"तू म्हणालीस ते बरोबर होतं. हात पुरत नव्हता."

पलीकडे मशीनची घरघर थांबली. "ये घरी," नर्मदाबाई म्हणाली. "भाकरी टाकून ठेवते."